टरफलांचं पाणी

धाकट्या दिराने पिंपाचं झाकण काढलं तेव्हा वहिनी चांगली लांब, बांधावर उभी होती. तरी ती आणखी दोन पावलं मागे सरली. पिंपात कोळंबीची टरफलं होती, खेकड्यांच्या नांग्या होत्या, अंड्यांची कवचं होती आणि त्या सगळ्यावर ओतलेलं व्हिनेगर होतं. वर राखाडी फेस धरला होता. त्यात बुडबुडे फुटत होते, आणि एकेका बुडबुड्यातून जो वास सुटत होता त्याचं वर्णन चांगल्या घरातल्या माणसाने करू नये. धाकटा मात्र काठीने ते ढवळत निवांत गाणं गुणगुणत होता.

"भावजी, झाका ते आधी," वहिनी तोंडावर फडकं दाबून म्हणाली. "नाहीतर मी इथेच ओकेन."

"ओका ना. पिंपातच ओका, तेवढीच भर."

"जिभेला काही हाड?"

"वहिनी, शेतीत नाक घेऊन येऊ नये माणसाने. खुंटीला टांगून यावं."

"तुमचं टांगलंय ते दिसतंयच. म्हणून तर एकही मुलगी दुसऱ्यांदा बघायला येत नाही."

यावर धाकट्याने दात काढले आणि आणखी जोरात ढवळलं. असल्या बोलण्याचं त्याला काही वाटत नसे. त्याला लग्नापेक्षा प्रयोगांची हौस. दर हंगामात कुठून तरी नवीन खूळ आणायचा आणि थोरल्या भावाच्या डोक्याला ताप द्यायचा.

वहिनीच्या नाकाची गोष्ट मात्र वेगळी होती. ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. स्ट्रॉबेरीचा बंद पनेट, म्हणजे प्लास्टिकचा छोटा डबा, तिच्यासमोर धरावा, तिने एकदा हुंगावं आणि सांगावं, खालच्या थरात एक फळ बुरशी धरतंय. उघडून बघितलं तर तसंच निघायचं. दुधाला वास लागला आहे हे दूध नासायच्या आधी तिला कळे. नवरा कुठे बसून आला हे तो उंबरठ्यावर असतानाच तिला कळे, त्यामुळे त्या बिचाऱ्याने खोटं बोलणं कधीच सोडून दिलं होतं. असं नाक असलेल्या बाईच्या दारात हे पिंप यावं, याला काय म्हणावं.

पण पिंप आलं होतं ते तिच्याच गरजेपोटी. त्या वर्षी थंडी ओली होती. सकाळी उशिरापर्यंत धुकं वाफ्यांवर बसून राही. वाफ्यांवर अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कागदावर पाणी साचे, आणि फळ दिसायला लालभडक पण बोट लागलं की दबायचं. तोडून भरलं, गाडीत घातलं, बाजारात पोचलं की निम्म्या पनेटांच्या तळाला लाल पाणी. बाजारातली व्यापारीण स्वतः वस्तीवर आली होती. जाड चष्म्याची, कमी बोलणारी बाई. तिने एक फळ दोन बोटांत धरून दाबलं. त्याचा लगदा तिच्या अंगठ्यावरून ओघळला, तो तिने वहिनीच्या देखत क्रेटच्या कडेला पुसला.

"चवीला तुमचा माल चांगला आहे," ती म्हणाली. "पण मी माल विकते, चिखल नाही. पुढचा बहर असाच आला तर मी दुसरीकडून उचलेन. मग राग मानायचा नाही."

दुसरा कोणी एवढ्या आडबाजूला गाडी पाठवणारा नव्हता. थोरल्याने त्याच दिवशी ठरवून टाकलं, की पुढचा बहर फसला तर स्ट्रॉबेरी उपटायची आणि मका लावायचा. मक्याला दोन पुरुष पुरे. म्हणजे वहिनी पुन्हा कोंबड्यांच्या शेडवर.

त्या शेडवर तिने बरीच वर्षं काढली होती. खरवडणीने विष्ठा खरवडायची, मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरायच्या, आणि घरी येऊन कितीही अंग घासलं तरी केसांतून तो वास जायचा नाही. स्ट्रॉबेरीची रोपं तिने माहेराहून आणली, हट्टाने लावली, आणि पहिल्या बहरानंतर शेडवाल्याला सांगून आली की मी आता यायची नाही. त्या दिवशी तिने जेवताना बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा घासाचा वास घेतला होता. ती जागा परत नको, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती काहीही करायला तयार होती, आणि ते काहीही पिंपात शिजत होतं.

धाकट्याला ही युक्ती शेतकी केंद्रातल्या मॅडमनी सांगितली होती. कवचं स्वच्छ धुवायची, उकळायची, वाळवून कुटायची, व्हिनेगरमध्ये मुरवायची. ते पाणी गाळून, भरपूर पातळ करून, फूल धरल्यापासून फळ हिरवं असेपर्यंत फवारायचं. फळाचं साल घट्ट होतं, बुरशी लवकर चढत नाही. फळावर लाली दिसली की फवारा बंद. मॅडमनी सगळं नीट सांगितलं होतं. धाकट्याने त्यातलं नेमकं सोयीचं तेवढं ऐकलं.

"धुवायची म्हणे," तो पोती उतरवताना म्हणाला होता. पोती मासळी बाजाराच्या मागच्या उकिरड्यावरून आणलेली. त्यातून पाणी गळत होतं आणि गाडीवाल्याने गाडी दारापर्यंत आणायला नकार दिला होता. "धुतलं की सत्त्व निघून जातं. आपण तशीच टाकू."

"त्यात मांस चिकटलंय, भावजी. ते कुजणार."

"कुजू दे की. झाडाला कुजलेलंच लागतं. तुम्ही काय झाडाला अत्तर लावून वाढवता?"

थोरला पोती पिंपात रिकामी करत राहिला. थोरला कधीच काही बोलत नसे, ही त्या घरातली आणखी एक चीड आणणारी गोष्ट.

पहिले काही दिवस वहिनीचे फार वाईट गेले. घास तोंडाजवळ नेला की पिंप आठवे. रात्री उशी हुंगावी तर उशीला तोच वास. ओला वारा सुटला की वास पलीकडच्या वस्तीपर्यंत जाई. तिथली माणसं भांडायला आली. एका म्हाताऱ्याने तर स्पष्ट विचारलं, की तुमच्याकडे कोणी मेलंय आणि तुम्ही सांगत नाही आहात का. शेवटी पिंप उचलून पॅकिंगच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं. म्हणजे बाहेर वास नको. याच शेडमध्ये रिकामे पनेट रचलेले होते, क्रेट होते, आणि खाली अंथरायचा कागद होता. याचा विचार कोणी केला नाही. वहिनीनेसुद्धा नाही. तिला तेव्हा फक्त ते पिंप डोळ्यांपुढून जायला हवं होतं.

मग फवारणी सुरू झाली. पाठीला पंप बांधून धाकटा पुढे, आणि नळी सांभाळत वहिनी मागे. गार तुषार वाऱ्याबरोबर उलटे येऊन तोंडावर बसायचे, ओठांना लागायचे. ती थुंकायची, चूळ भरायची, पुन्हा नळी धरायची. पण काही दिवसांनी एक गंमत झाली. एका सकाळी तिने शेडचं दार उघडलं, आत जाऊन पनेट मोजून बाहेर आली, आणि नंतर तिच्या लक्षात आलं की आपण तोंडाला फडकं बांधायला विसरलो.

"वास मेला बघा," ती धाकट्याला म्हणाली.

"मुरला. मुरल्यावर जातोच. मी सांगत नव्हतो?"

"मॅडमनी असं काही सांगितलं होतं का?"

"मॅडम काय पिंपाशेजारी झोपल्यात?"

थोरल्यानेही मान डोलावली. त्यालाही वास येत नव्हता. तिघंही शेडमध्ये बसून जेवू लागली, कारण बाहेर धुकं होतं आणि आत ऊब. पलीकडच्या वस्तीवरचं कोणी आताशा येईनासं झालं होतं. आलंच तर बांधावरून बोलून जायचं, चहा नको म्हणायचं. जळतात मेले, असं वहिनी म्हणाली. आपला माल यंदा चांगला दिसतोय म्हणून जळतात.

आणि माल खरोखरच चांगला दिसत होता. हिरवी फळं एकसारखी भरली. पांढुरकी झाली, बुडाकडून लाली चढायला लागली. वहिनीने एक दाबून बघितलं. बोटाखाली ते दबलं नाही. तिने आणखी एक दाबलं, आणखी एक. सगळी घट्ट. तिला इतका आनंद झाला की ती वाफ्यातच मटकन बसली.

"आता फवारा बंद," धाकटा म्हणाला. एवढं एक त्याच्या लक्षात राहिलं होतं. "लाली दिसली की थांबायचं."

"थांबायचं कशाला? एवढा गुण येतोय तर. अजून एक हात मारा."

"मॅडम म्हणाल्या होत्या..."

"सगळ्या गोष्टीत मॅडमना धाब्यावर बसवलंत, आणि आता बरी आठवण झाली. मारा म्हणते ना मी."

त्याने मारला. तिने दुसऱ्या दिवशीही मारायला लावला. तोडणीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत पिकलेल्या लाल फळांवर ते पाणी पडत होतं.

तोडणी झाली. देठाची हिरवी टोपी राखून, नखाने देठ खुडून, फळाला तळहात लागू न देता एकेक फळ पनेटात बसवलं. सगळ्या शेडमध्ये लाल उजेड पडल्यासारखं वाटत होतं. वहिनीने नेहमीप्रमाणे प्रत्येक पनेट हुंगला. काही नाही. एकाही पनेटाला बुरशीचा वास नव्हता. तिला दुसराही कसला वास आला नाही, स्ट्रॉबेरीचासुद्धा, आणि हे तिच्या ध्यानात आलं नाही. गाडी निघाली तेव्हा धाकट्याने तिला हात जोडून नमस्कार केला आणि ती चक्क लाजली.

दुसऱ्या दिवशी गाडी भरलेलीच परत आली.

गाडीवाला खाली उतरला नाही. खिडकीतूनच म्हणाला, "बाईंनी पहिला डबा उघडला आणि नाक धरून मागे सरल्या. म्हणाल्या, हा माल खायचा आहे की पुरायचा आहे? सगळ्यांदेखत म्हणाल्या. उतरवून घ्या लवकर, मलाही गाडी धुवायची आहे."

उतरवून घेतलं. तिघांनी एकेक पनेट उचलून हुंगला. कोणालाच काही कळेना.

"नाटकं आहेत तिची," धाकटा भडकला. "भाव पाडायचाय. एवढा घट्ट माल बघितला नसेल तिने जन्मात."

"बास झालं," थोरला म्हणाला. त्या महिन्यातलं बहुधा त्याचं हे पहिलं वाक्य असेल. "सोमवारी नांगर घालतो. मका लावू. तू शेडवाल्याला विचारून ठेव, जागा आहे का."

वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रात्रभर तिने तळमळून काढली आणि सकाळी एक पनेट पिशवीत घालून धाकट्या बहिणीच्या घरी गेली. बहीण दोन डोंगर पलीकडे दिलेली. तिला या पिंपाचा काही पत्ता नव्हता. तिला नुसतं विचारायचं, बाई, याला वास येतो का.

विचारायची वेळच आली नाही. बहिणीने दार उघडलं, "ताई" म्हणून हसत पुढे आली आणि मध्येच थांबली. हसू तसंच राहिलं आणि नाकपुड्या मिटल्या.

"ताई, तू कुठून आलीस?"

"घरून. हे बघ, हा डबा..."

"डबा राहू दे बाहेर. तू पण जरा बाहेरच थांब." बहिणीचा जीव तुटत होता, पण तिने उंबरठा काही सोडला नाही. "राग मानू नको गं. मी पाणी तापवते. कपडे तिथेच काढून ठेव न्हाणीपाशी. माझे घाल. आधी केस धू."

वहिनी अंगणात उभी राहिली. स्वतःची बाही तिने नाकाशी नेली. काही नाही. मनगट हुंगलं. काही नाही. आणि तेव्हा तिला कळलं. वास मेलाच नव्हता. तिचं नाक मेलं होतं. बंद पनेटातली बुरशी ओळखणारी बाई, अंगावर उकिरडा वागवत गाडी बदलून आली होती. गाडीत शेजारची बाई उठून का उभी राहिली, तेही आत्ता कळलं. पलीकडच्या वस्तीवरचे चहा का नको म्हणत होते, तेही. तिला स्वतःची अशी किळस आली की बहिणीने आणलेल्या गरम पाण्याने तिने कातडं लाल होईपर्यंत अंग घासलं.

ती तिथे राहिली. नाक परत आणायला, असं बहिणीच्या नवऱ्याने म्हणून टाकलं आणि बहिणीने त्याला डोळे वटारले. पण खरं तेच होतं. एका सकाळी चुलीच्या धुराचा वास आला. मग ओल्या मातीचा. मग कोपऱ्यात टाकलेल्या स्वतःच्या पिशवीचा, आणि ती तशीच उठून परसात धावली.

घरी परतली ती रविवारी. वाटेच्या वळणावरच वास अंगावर आला. फाटकापाशी ती कुंपण धरून वाकली आणि सकाळपासून खाल्लेलं सगळं तिथेच पडलं. धाकटा धावत आला.

"वहिनी, काय झालं? बरं नाही का?"

"बरी आहे," ती तोंड पुसत म्हणाली. "खूप दिवसांनी बरी आहे. लांब व्हा. तुम्ही उकिरड्यासारखे घाण मारताय."

मग तिने कोणाचं ऐकलं नाही. शेडमधले पनेट, क्रेट, कागद, सगळं बाहेर काढून हुंगलं. ज्याला वास होता ते खड्ड्यात गेलं. पिंप शेताच्या पार टोकाला नेऊन पुरायला लावलं. अंथरुणं उकळली. दोघा भावांना विहिरीवर उभं करून साबणाने घासायला लावलं आणि स्वतः हुंगून पास-नापास ठरवलं. थोरला दोनदा नापास झाला. ओला, कुडकुडत उभा असलेल्या त्या माणसाला ती म्हणाली, "नांगर थांबवा. वाफ्यात अजून फूल आहे. हा शेवटचा बहर माझ्या पद्धतीने."

थोरल्याने थंडीने मान हलवली की होकाराने, ते सांगणं कठीण. तिने होकार धरला.

या वेळी टरफलं तिने धुतली. एकेक नांगी कोरून, आतलं चिकटलेलं काळं मांस नखाने काढून. उकळताना भांड्यावर साय धरे ती काढून फेकायची, पुन्हा उकळायची. प्रत्येक वेळी ओकारी येई, आणि प्रत्येक ओकारीला ती मनात म्हणे, ये बाई, तू आहेस तोवर मी ताळ्यावर आहे. वाळवून, कुटून, मुरवून जे पाणी निघालं त्याला आंबट वासापलीकडे काही नव्हतं. फळ हिरवं असेपर्यंत फवारलं. पहिली लाली दिसली त्या दिवशी तिने धाकट्याच्या हातातून पंप काढून घेतला आणि कुलपात टाकला.

फळ घट्ट आलं. स्वच्छ आलं. व्यापारिणीकडे निरोप गेला तेव्हा ती म्हणे आधी नाहीच म्हणाली. मग काय वाटलं कोण जाणे, स्वतः आली. गाडीतून उतरल्यावर तिने आधी हवा हुंगली. मग क्रेटपाशी येऊन एक पनेट उघडला आणि चेहरा लांब ठेवून, घाबरत घाबरत वास घेतला. एक फळ दाबलं. ते दबलं नाही. दुसऱ्या क्रेटच्या तळातलं काढून दाबलं. तेही नाही.

"वास नाही," ती म्हणाली.

"नाही," वहिनी म्हणाली.

"मागच्या वेळीही तुम्हाला आला नव्हता." तिने जाड चष्म्यातून वहिनीकडे बघितलं. "खा."

"काय?"

"तुमच्या घरात कोणी खाल्लेलं मी बघितलं नाही. माझ्यासमोर खा. मग गाडी भरते."

ती बोलत होती ते चुकीचं नव्हतं. वहिनीने व्यापारिणीच्या हातातून फळ घेतलं. सुंदर फळ होतं, देठापर्यंत लाल, वर टपोरं. तिने ते तोंडापाशी नेलं आणि तिच्या डोळ्यांपुढे नखात रुतलेलं काळं मांस आलं, उकळत्या भांड्यावरची साय आली, ओठांवर बसलेले ते तुषार आले. नाकाला फळाचाच गोड वास येत होता, दुसरा कसलाही नाही. पण पोट काही नाकाचं ऐकत नव्हतं. घशाशी आंबट पाणी आलं. धाकटा तिच्याकडे बघत होता. थोरला बघत होता. त्याच्यामागे नांगर अजून वाफ्याच्या कडेलाच ठेवलेला होता.

तिने फळ अख्खं तोंडात घातलं आणि चावलं. सावकाश चावलं. रस जिभेवर आला तो गिळला, लगदा गिळला. चेहऱ्यावरची एक रेघ हलू दिली नाही.

"कसं आहे?" व्यापारिणीने विचारलं.

"गोड आहे," वहिनी म्हणाली. आणि ते खरंच गोड होतं, तिने घेतलेल्या कुठल्याही बहरापेक्षा गोड.

"आणखी एक खा."

तिने आणखी एक खाल्लं.

व्यापारीण मागे वळून गाडीवाल्याला म्हणाली, "भर. सगळं भर." मग वहिनीला म्हणाली, "दर बहराला मी स्वतः येणार. आणि दर बहराला तुम्ही माझ्यासमोर खायचं. जमेल?"

"जमेल की," वहिनी म्हणाली. "आपलाच माल आहे."

क्रेट गाडीत चढू लागले. वहिनी शांतपणे चालत शेडच्या मागे गेली, भिंतीला हात टेकून वाकली आणि पोटातलं सगळं बाहेर टाकलं. मग चूळ भरली, तोंड पुसलं, आणि उरलेले क्रेट उचलायला परत आली.